'येस मॅम'च्या पलीकडे

आम्ही मूळचे मिरजेचे, नोकरीपायी बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि लेकीचा पाचवीचा वर्ग आमच्या जेवणाच्या टेबलावर भरू लागला. आता ट्यूशन तेवढी ऑनलाइन आहे, पण तेव्हाचे धडे अजून उपयोगी पडतात.

१. हजेरी लागली म्हणजे पोर वर्गात आहे असं नाही. समोर बसलेल्या मुलाचा चेहरा बघून बाईंना कळतं, याच्या डोक्यावरून गेलंय. इथे कॅमेरा बंद, माइक म्यूट आणि 'समजलं का?' म्हटलं की चॅटमध्ये चाळीस 'येस मॅम'. म्हणून संध्याकाळी 'अभ्यास झाला का?' असं न विचारता 'आज कुठे अडलं?' असं विचारायचं. 'कुठेच नाही' म्हणाली की वही उघडायची.

२. शंका विचारणं शिकवावं लागतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. 'मला मॅथ्स येत नाही' यावर शिक्षक तरी काय सांगणार? लेकीला सवय लावली: पान, गणिताचा नंबर, कुठल्या पायरीवर थांबलीस, तेवढं लिही. मग तिचा मेसेज असा जायचा: 'तिसऱ्या गणितात डिनॉमिनेटर वेगळे आहेत. एलसीएम काढला, पण वरचे आकडे का बदलायचे?' सोबत वहीचा फोटो. याला मात्र बाईंचं उत्तर हमखास यायचं, कधी कधी व्हॉइस नोटमध्ये. मेसेज पालकाने लिहू नये; चुकीच्या स्पेलिंगसकट मुलानेच पाठवावा.

३. तासांचा हिशेब मागा. केंद्राच्या जुलै २०२० च्या 'प्रज्ञाता' सूचनांत पहिली ते आठवीला दिवसाला दोनच सत्रं होती, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांची. आमचं वेळापत्रक त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं. चार पालकांनी मिळून मेल केला, तेव्हा शेवटचा तास गेला.

४. शेजार वापरा. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने शाळेत कन्नड शिकावंच लागतं आणि आम्हा दोघांना अक्षर ओळखू येईना. वरच्या मजल्यावरच्या अक्कांनी जिन्यात बसवून बाराखडी घेतली. बदल्यात त्यांच्या मुलाला आमचा लॅपटॉप. कारण त्यांच्या घरात फोन एकच, तोही वडिलांबरोबर फर्स्ट शिफ्टला जायचा.

५. मागे पडलेलं सगळं एका रविवारी भरून निघत नाही. 'आधी काय सबमिट करू?' एवढंच शिक्षकांना विचारायचं.

६. जेवण, झोप, बोलणं बिघडलं तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. तेव्हा नव्हती, पण ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा आहे. तिची मुख्य संस्था निम्हान्स, आमच्याच होसूर रोडवर. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. फ्रिजवर चिकटवून ठेवा.