स्कॅनच्या आधी दुखणं सांग

“गाठ निघाली, रिपोर्ट चांगला आला, मग आता काय दुखतंय?” हा प्रश्न तुला घरातल्या कुणीतरी एव्हाना विचारला असेल. प्रेमानंच विचारतात गं. पण तो ऐकला की आपण गप्प होतो. जीव वाचलाय, आता कुरकुर कसली करायची, असं वाटून गोळी गिळून ओट्याशी उभं राहतो. तसं करू नकोस. जीव वाचला म्हणून उरलेलं दुखणं मुकाट्यानं सोसायचं, असा काही करार तू केलेला नाहीस. तुझ्या ताईच्या छातीवरही तसाच व्रण आहे, म्हणून सगळं मोकळेपणानं सांगते.

आधी आत काय झालं ते समजून घे. फुप्फुसाचा खंड काढायला पाठीवर फऱ्याच्या खालून काखेखाली पुढेपर्यंत छेद घेतात, साधारण पाचव्या बरगडीच्या आसपास. मग दोन बरगड्या फाकवून आत जायला वाट करतात. बरगडीच्या खालच्या कडेला एक खोबण असते आणि तिच्यातून एक नस जाते. बरगड्या फाकताना ती चेपते, ताणली जाते, कधी टाक्यात सापडते. कातडी जुळते, बरगड्या जाग्यावर येतात, पण दुखावलेली नस शांत होत नाही. साप निघून गेल्यावरही अंगणातलं कुत्रं रात्रभर भुंकत राहावं, तशी ती मेंदूला वर्दी देत राहते. तीच नस पुढे स्तनाच्या खालपर्यंत येते, म्हणून जखम पाठीला आणि आग पुढे, असं होतं. तुला भास होत नाहीयेत. दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्यांना हा त्रास त्या मानानं कमी होतो, पण त्यांनाही होतो, कारण नळ्या त्याच फटींतून आत जातात.

डॉक्टर याला ‘पोस्ट-थोरॅकोटॉमी पेन सिंड्रोम’ म्हणतात. ऑपरेशनला दोन महिने उलटून गेल्यावरही व्रणाच्या रेषेत दुखत राहिलं, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर ते हेच. निरनिराळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा छाती उघडून ऑपरेशन झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना सहा महिन्यांनंतरही काही ना काही दुखत होतं. बऱ्याच जणांचं सोसण्याजोगं, काहींचं झोप उडवणारं. म्हणजे तू नाजूक आहेस, मनाला लावून घेतेस, हे सगळं खोटं.

आता डॉक्टरांशी बोलायचं कसं ते सांगते, कारण खरी गाडी इथेच अडते. नुसतं “दुखतं हो” म्हणालीस तर नेहमीची वेदनाशामक गोळी मिळेल, आणि नसेच्या दुखण्यावर ती फारशी चालत नाही. आग होते का, चमक मारते का, मुंग्या येतात का, कातडी बधिर आहे का, पदर नुसता घासला तरी झोंबतं का, ते सांग. ठणका कुठे आणि ओढ कुठे, बोट ठेवून दाखव. दहापैकी किती, हे विचारतीलच. पण त्याहून उपयोगी म्हणजे काय करता येत नाही ते. “या कुशीवर झोपता येत नाही,” “वेणी घालताना हात वर जात नाही,” असं बोल. आदल्या आठवड्यात कॅलेंडरच्या चौकोनात दोन शब्द लिहून ठेवलेस तर तिथे गडबडून जाणार नाहीस.

गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, रात्रीची थोडीशी अॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, ही नावं तुझ्या कागदावर येतील. यातल्या काही गोळ्या फिटच्या किंवा नैराश्याच्या म्हणून ओळखल्या जातात. औषधवाला तसं म्हणेल, घरात कुजबुज होईल. लक्ष देऊ नकोस, त्याच गोळ्या चिडलेल्या नसेलाही शांत करतात. डोस हळूहळू वाढवतात, गुण यायला काही आठवडे जातात. सुरुवातीला गुंगी येते, म्हणून रात्री उठताना आधी पलंगावर बसायचं, मग उभं राहायचं. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तशा उतरवायच्या. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनानं रोज खाऊ नकोस, पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात.

एवढ्यानं भागलं नाही तर व्रणावर लावायची लिडोकेनची पट्टी आहे, बरगडीपाशी इंजेक्शन देऊन नस बधिर करता येते. हे काम पेन क्लिनिकचं. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये तशी सोय आहे, इतर मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांतही भूलतज्ज्ञ हे काम करतात. सर्जननं आपण होऊन पाठवलं नाही तर तू विचार. ‘पॅलिएटिव्ह’ ही पाटी पाहून परत फिरू नकोस. तिथे फक्त शेवटचे दिवस मोजणारी माणसं जातात असं लोकांना वाटतं, ते खरं नाही. मॉर्फिनचं नाव निघालं तरी घाबरून पळू नकोस. जुनाट नसदुखीत ते पहिलं औषध नव्हे, पण जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली लागलं तर घ्यायला लाज कसली? आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे कित्येक वर्षं कागदपत्रांच्या भीतीनं रुग्णालयं ते ठेवतच नव्हती. 2014 च्या दुरुस्तीनं नियम सुटसुटीत झाले. माणसांच्या मनातली भीती मात्र अजून तशीच आहे, आणि तिच्यापायी लोक तळमळत राहतात याचा मला फार राग येतो.

रात्री चमक आली की पहिला विचार काय येतो, ते मला ठाऊक आहे. परत आलं का? कुणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येकीच्या मनात तो येतोच. जुनं दुखणं ओळखायला शीक. ते त्याच पट्ट्यात असतं, थंडीत, दमल्यावर, खोकल्यानं वाढतं आणि पुन्हा उतरतं. जागा बदलली, हाडात खोल, रात्रंदिवस वाढत जाणारं काही सुरू झालं, वजन उतरायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, फोन करून लवकर जायचं. खोकल्यातून रक्त आलं, अचानक दम लागला, पोटरी सुजली किंवा चांगलाच ताप भरला, तर त्याच दिवशी निघायचं. एवढं पक्कं ठरवून ठेवलंस की बाकीच्या चमकांना जरा कमी घाबरशील.

कपड्यांचं बोलते, कारण हे कुठलेही डॉक्टर सांगणार नाहीत. ब्रेसियरचा पट्टा नेमका त्या व्रणावर येतो. घरात सैल सुती शमीज घाल, बाहेर जाताना पुढून हुक असलेली, रुंद पट्ट्याची घे, ब्लाऊज त्या बाजूनं उसवून सैल करून घे. कातडीला स्पर्श सोसत नसेल तर रोज थोडा वेळ मलमलचा तुकडा हलकेच फिरव, तो सोसला की सुती, मग टॉवेल. नसेला हळूहळू सवय होते. गरम पाण्याची पिशवी मात्र बधिर भागावर ठेवू नकोस; चटका कळत नाही आणि कातडी भाजते. हे अगदी लक्षात ठेव.

खांदा जपायचा म्हणजे हात अंगाशी धरून बसायचं नाही. तसं केलंस की खांदा आखडतो आणि दुखण्यात भर पडते. भिंतीवर बोटं चालवत रोज थोडी वर न्यायची, दीर्घ श्वासाचे व्यायाम सोडायचे नाहीत, फिजिओथेरपिस्टकडे निदान काही वेळा तरी जायचं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धर.

आणि चांगल्या दिवसाला भुलू नकोस. एखाद्या सकाळी अंग हलकं वाटतं, मग बायका माळ्यावरचे डबे काढतात, चादरी धुतात, आणि पुढचे दोन दिवस आडव्या. काम दुखायला लागायच्या आधी थांबवायचं, निम्मं राहिलं तरी. कणीक मळणं, भरलेला कुकर उचलणं, वरच्या दोरीवर कपडे टाकणं दुसऱ्या कुणाकडे दे. मदत मागताना “जमलं तर” म्हणू नकोस. मुलाला सांग, कुकर तू उतरवायचास. नवऱ्यालाही सांग, या कुशीला हात नको, त्या बाजूनं जवळ घे. न सांगता तू अंग चोरत राहिलीस तर त्याला वाटेल की तुला तोच नको झालाय.

एखादी वन्सं किंवा शेजारीण विचारेल, “तू कधी तंबाखू-बिडी घेत होतीस का गं?” उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या कितीतरी बायकांना फुप्फुसाचा कॅन्सर होतो. चुलीचा धूरही त्याला कारण ठरू शकतो. आणि समज ओढत असतीस, तरी दुखणं ही तुला मिळालेली शिक्षा आहे असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा एक कर. स्कॅनची फाईल उघडायच्या आधी दुखण्याबद्दल बोल. एकदा “सगळं स्वच्छ आहे” असं डॉक्टर म्हणाले की खोलीतले सगळे खूश होऊन उठतात, तूही उठतेस, आणि तुझं सांगायचं राहून जातं. खुर्चीवर बसल्याबसल्या, नमस्कार झाला की लगेच सांग. सोबत कोण येणार ते कळव, कुणी नसेल तर मी येते.