जलपर्णी : किती काढली, की किती उरली?



दोह्यात संध्याकाळी पाय मोकळे करायचे म्हटलं की आमच्या घरी दोनच नावं निघतात, कॉर्निश नाहीतर अस्पायर पार्क. गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी आम्ही अस्पायर पार्कच्या तळ्याकाठी बसलो होतो. मुलं बदकं मोजत होती. तेवढ्यात पवईहून आईने घराच्या गॅलरीतून काढलेला एक फोटो पाठवला. फोटोत या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं हिरवंगार!

आमच्या चिरंजीवांनी लगेच आजीला फोन लावला. "आजी, एवढं मोठं ग्राउंड कधी झालं? आता आपण तिथे क्रिकेट खेळू!"

"अरे बाळा, ग्राउंड कुठलं? आपला तलाव आहे तो. वर पाय ठेवलास तर थेट मगरीच्या घरी जाशील!"

सगळे हसलो. फोन ठेवल्यावर मात्र आम्ही दोघेही गप्प झालो. ज्या पाण्यात आम्ही सूर्यास्त पाहिले, ते पाणीच दिसत नव्हतं. इंजिनिअर माणसाला काही बिघडलेलं दिसलं की स्वस्थ बसवत नाही. त्या आठवड्यापासून आम्ही जलपर्णीचा थोडा अभ्यास केला, आणि बाबांनी तिकडे प्रत्यक्ष काठावर केला. ही पुस्तिका देणाऱ्या हातांमध्ये पडणार आहे, म्हणून त्यातलं उपयोगाचं तेवढं इथे मांडत आहोत.

ही पाहुणी आली कुठून?

जलपर्णी मूळची आपली नव्हे. ती दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. फिकट जांभळी, देखणी फुलं पाहून लोकांनी ती शोभेची वनस्पती म्हणून जगभर नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोचली आणि पुढे नद्या, खाड्या, भातखाचरं सगळं तिने व्यापलं. होड्या अडकू लागल्या, मासेमारी बसली. शेवटी १९३६ साली बंगालमध्ये तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. एका रोपट्यासाठी कायदा! आज पुणेकरांना ती मुळा-मुठेत भेटते, कोल्हापूरकरांना पंचगंगेत, आणि आम्हा मुंबईकरांना पवईत.

तिचा देठ फुगीर आणि आतून स्पंजासारखा असतो, त्यामुळे ती तरंगते. मुळं मातीत नसतात, पाण्यातच लोंबतात आणि पाण्यात विरघळलेलं खत शोषतात. एका रोपाला आडवा धुमारा फुटतो, त्याच्या टोकाला दुसरं रोप तयार होतं. शिवाय बिया पडतात त्या वेगळ्याच. त्या तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतात.

तिचा जाड थर पसरला की खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. साचलेल्या पाण्यात डासांची मात्र चंगळ होते. वरून हिरवागार दिसणारा तलाव आतून उपाशी असतो.

थोडं गणित

घाबरू नका, शाळेतलंच आहे. ऊब आणि खत भरपूर असेल तर जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, कधी त्याहूनही लवकर. आपण दोनच आठवडे धरू. आता सांगा, तलाव पूर्ण भरण्याच्या दोन आठवडे आधी तो किती भरलेला असेल? अर्धा! चार आठवडे आधी पाव, आणि सहा आठवडे आधी फक्त आठवा हिस्सा. म्हणजे दीड महिन्यापूर्वी एका कोपऱ्यात थोडीशी जलपर्णी होती आणि कोणाला काळजी वाटत नव्हती. ओरड सुरू होते ती अर्धा तलाव झाकल्यावर. तोपर्यंत हातात उरलेले असतात जेमतेम चौदा दिवस.

आता उलटं गणित करू. पूर्ण भरलेल्या तलावातली नव्वद टक्के जलपर्णी काढली, हार-तुरे झाले, फोटो निघाले आणि मंडळी घरी गेली. उरली दहा टक्के. दोन आठवड्यांनी वीस, चार आठवड्यांनी चाळीस, सहा आठवड्यांनी ऐंशी. सातवा आठवडा संपायच्या आत तलाव पुन्हा जसाच्या तसा. सगळा खर्च, सगळी मेहनत पाण्यात, तीही शब्दशः!

या हिशेबाने आमचे डोळे उघडले. पहिल्या नव्वद टक्क्यांचा फोटो येतो, पण तलाव वाचतो तो शेवटच्या दहा टक्क्यांवर.

पवईचा हिशेब

पवई तलाव १८९०-९१ च्या सुमारास मुंबईला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला. पुढे त्याचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही. आता ते आरे दुग्ध वसाहत आणि उद्योगांच्या वापराला दिलं जातं. तलाव काठोकाठ भरला की पाण्याचा पसारा सुमारे २.२३ चौरस किलोमीटर आणि साठा सुमारे ५४५ कोटी लिटर. ओसंडून वाहणारं पाणी मिठी नदीला मिळतं.

आता दुसरा आकडा पाहा. अलीकडच्या काळात महापालिकेनेच दिलेल्या अंदाजानुसार या तलावात दररोज सुमारे १ कोटी ८० लाख लिटर सांडपाणी येत होतं. भागाकार केला तर जेमतेम दहा महिन्यांत नुसत्या सांडपाण्याने पूर्ण तलाव भरेल! या सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो, म्हणजे जलपर्णीसाठी आयतं खत. आपण एका हाताने तिला उपटतो आणि दुसऱ्या हाताने ताट वाढून ठेवतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, स्क्रीनवरचा एरर पुसला, पण बग तसाच राहिला. हे सांडपाणी दुसरीकडे वळवण्याची आणि शुद्ध करण्याची कामं महापालिकेने हाती घेतली आहेत. ती पूर्ण होऊन नीट चालली पाहिजेत, खरा उपाय तोच.

इथे कतारमध्ये एकही नदी नाही. पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून मिळतं. सांडपाणी शुद्ध करून बागांना आणि चाऱ्याच्या शेतीला देतात. ज्या देशात पाणी नाही तिथे सांडपाण्यालाही किंमत आहे, आणि आमच्याकडे धो-धो पाऊस पडतो म्हणून की काय, तलावालाही किंमत नाही!

काढायची कशी?

एक हेक्टर दाट जलपर्णीचं ओलं वजन दोनशे टनांच्या वर जाऊ शकतं. दहा हेक्टर काढायची म्हटली तर किमान दोन हजार टन, म्हणजे दहा टनांचे दोनशे ट्रक. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त नुसतं पाणी! म्हणून ती आधी काठावर वाळवावी लागते. पण पाण्याच्या अगदी कडेला ढीग घातला तर पहिल्या पावसात सगळं पुन्हा तलावात. ढीग नेहमी उतारापासून दूर हवा.

लहान तळ्यात होडी, दोर आणि पंजे घेऊन माणसं काम करतात. पवईसारख्या मोठ्या तलावाला तरंगती यंत्रंच लागतात. पण यंत्र काठाच्या चिखलात आणि लव्हाळ्यात शिरू शकत नाही, आणि नेमकी तिथेच बीजरूपाने जलपर्णी लपून बसते. म्हणून यंत्रामागून माणूस हवाच. काढून झालेल्या भागाला तरंगता अडसर बांधला तर वाऱ्याने ती परत येत नाही.

तणनाशक फवारलं तर ती मरते, पण तिथेच कुजते. प्राणवायू आणखी घटतो आणि शोषलेलं खत पुन्हा पाण्यात उतरतं. मासे असलेल्या, लोकवस्तीतल्या तलावात हा मार्ग न धरलेलाच बरा.

तिसरा मार्ग किड्यांचा. नियोकेटिना नावाचे छोटे सोंडकिडे जलपर्णीवरच जगतात. भारतात ते १९८०च्या दशकात बंगळुरूजवळच्या तलावांत सोडले गेले आणि काही ठिकाणी चांगला गुण आला. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९९५ पासून ते सोडले. दशक संपेपर्यंत तिथली जलपर्णी पुष्कळ ओसरली, हवामानाचाही त्याला हातभार लागला. पण सांडपाणी येतच राहिलं तिथे ती नंतर पुन्हा वाढली. शिवाय किड्यांना काही वर्षं द्यावी लागतात, आणि आपण यंत्राने सगळी जलपर्णी उचलली तर तिच्याबरोबर किडेही जातात. त्यामुळे हे काम जाणकारांना विचारूनच करावं.

काढलेल्या जलपर्णीचं खत होतं, बायोगॅस होतो, वाळलेल्या देठांच्या टोपल्या आणि चटयाही विणतात. चांगलंच आहे. पण कारखान्यांचं पाणी येणाऱ्या तलावातली जलपर्णी जड धातू शोषून घेते. तिचं खत भाजीपाल्याला घालण्याआधी तपासणी हवी. आणि टोपल्या विकून तलाव साफ होईल अशा भ्रमात कोणी राहू नये.

बाबांचा शोध

आमचे बाबा आणि त्यांच्या सकाळच्या फेरीतले चार-पाच ज्येष्ठ मित्र, यांनी एक सोपं काम सुरू केलं. दर पंधरा दिवसांनी त्याच दगडावर उभं राहून त्याच दिशेचा फोटो काढायचा आणि खाली तारीख लिहायची. दुसरं काम मार्चमध्ये केलं. तलावाकडे जाणारी पावसाळी गटारं बघत चालत जायचं. पावसाळी गटार मार्चमध्ये कोरडं ठणठणीत हवं. त्यात पाणी वाहत असेल तर ते पावसाचं नाही, हे सांगायला प्रयोगशाळा कशाला हवी?

दुसऱ्याच दिवशी एक वाहतं गटार सापडलं. मंडळी तावातावाने त्याचा माग काढत निघाली. आता कोणाला तरी धारेवर धरायचं! माग काढता काढता पोचली ती थेट आमच्याच सोसायटीच्या मागच्या भिंतीशी. कधीतरी दुरुस्तीच्या वेळी एका विंगच्या मोऱ्यांची पाइपलाइन पावसाळी गटारात सोडून दिलेली होती. वर्षानुवर्षं आमच्याच घरचं साबणाचं पाणी तलावात जात होतं.

फोनवर बाबा म्हणाले, "दहा वर्षं मी दुसऱ्यांच्या नावाने तक्रारी लिहिल्या रे. पहिली तक्रार मला माझ्याच नावाने लिहायला हवी होती."

सोसायटीच्या सभेत दोन तास वादावादी झाली. "आपल्या एका पाइपने काय फरक पडतो?" हा प्रश्नही आलाच. शेवटी घरटी वर्गणी काढून जोडणी बदलली. आमचा वाटा आम्ही दोह्याहून पाठवला. खरं सांगतो, ती रक्कम पाठवताना दान केल्यासारखं वाटलं नाही, जुनं देणं फेडल्यासारखं वाटलं.

एका पाइपने तलाव साफ झाला असं मुळीच नाही. पण आता बाबांची मंडळी शेजारच्या सोसायटीत जातात तेव्हा ताठ मानेने जातात. फोटोंची वही घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलं की बोलणंही मुद्द्याचं होतं. लोकांनी लावून धरलं की काय होतं हे पवईने पाहिलंय. काठावरचा सायकल ट्रॅक मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला, तो नागरिक न्यायालयात गेले म्हणूनच. मात्र जलपर्णीला कुठलाही कोर्टाचा मनाई हुकूम लागू होत नाही. तिला लागते पंधरा दिवसांची हजेरी.

काठावर राहणाऱ्यांसाठी आणखी थोडं. पवईत मगरी आहेत, तेव्हा उत्साहाच्या भरात कोणी पाण्यात उतरू नये. फुलं येण्याआधी कोपऱ्यातली रोपं काढून घ्यावीत, म्हणजे बी पडत नाही. निर्माल्य तलावात टाकू नये. आणि घरातल्या माशांच्या टाकीतलं नको झालेलं रोप तलावात 'सोडून' देऊ नये. जलपर्णी जगभर अशीच तर पसरली!

देणाऱ्यांसाठी चार प्रश्न

आपल्यापैकी प्रत्येकाच्या गावी एखादं तळं, नदी किंवा बंधारा आहे, आणि कधी ना कधी त्याच्या सफाईसाठी कोणीतरी हात पुढे करतं. जरूर द्या. पण देताना हे चार प्रश्न प्रेमाने विचारा.

१. किती टन काढणार हे ठीक, पण किती उरणार?
२. सहाव्या आठवड्यात तिथे कोण येणार, आणि त्याचा खर्च याच निधीत धरला आहे का?
३. काढलेली जलपर्णी कुठे टाकणार?
४. सांडपाणी कुठून येतं ते शोधलं आहे का?

उत्तरं मिळाली तर सढळ हाताने द्या. जमलं तर एकदम मोठी रक्कम देण्याऐवजी तीच वर्षभर थोडी थोडी विभागून द्या. जलपर्णी हप्त्याहप्त्याने वाढते, मग मदतही हप्त्याहप्त्याने का असू नये? थेंबे थेंबे तळे साचे हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तळं राखायचं असेल तरी तोच नियम लागू पडतो.

बाबांचा नवा फोटो परवाच आला. तलाव अजून अर्धा हिरवाच आहे. पण त्या दगडासमोर थोडं पाणी दिसतंय, आणि खाली बाबांच्या अक्षरात तारीख आहे. चिरंजीवांनी तो फोटो बारकाईने पाहिला आणि विचारलं, "आजोबा, पुढचा फोटो कधी?"

"पंधरा दिवसांनी," आजोबा म्हणाले. "न चुकता."