मालक झोपला तरी बोट चालते: भर समुद्रातल्या क्रूकडून दुकानदाराने काय शिकायचं?



मागच्या बॅचला मी एक प्रश्न विचारला होता. असा कुठला धंदा आहे, जिथे गिऱ्हाईक लाखांमध्ये पैसे भरतं, वर रात्री दोन वाजता उठून काम करतं, सगळ्यांसाठी जेवण बनवतं, संडास घासतं आणि घरी जाऊन सांगतं की आयुष्यातले सगळ्यात भारी दिवस होते?

एक जण म्हणाला विपश्यना. (तिथे फी नसते.) एक ताई म्हणाल्या, "सर, लग्न!" हसलो सगळे. पण उत्तर वेगळं आहे. शिडाच्या बोटीवर क्रू म्हणून भर समुद्रात जाणं. प्रवासी म्हणून नाही हं, कामकरी क्रू म्हणून.

आजच्या धड्यात हाच धंदा उघडून बघायचा आहे. कारण दुकान चालवताना माझी जी सगळ्यात मोठी चूक झाली, तिचं उत्तर मला इथे सापडलं.

आधी धंदा समजून घ्या

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण क्लिपर राउंड द वर्ल्ड रेसचं. पहिली शर्यत १९९६ मध्ये निघाली. सुरू करणारे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. ३१२ दिवस लागले. त्या स्पर्धेत नऊ जण उतरले होते, पूर्ण केली फक्त यांनी. आणि त्यांची ३२ फुटी 'सुहेली' बोट कुठे बांधली होती माहीत आहे? आपल्या मुंबईत, सागवानात!

आता क्लिपरचं मॉडेल बघा. ७० फुटी बोटी, सगळ्या एकसारख्या. सुमारे ४०,००० सागरी मैलांची जगाची फेरी, जवळजवळ अकरा महिने. ती आठ टप्प्यांत विभागलेली. पूर्ण फेरी घ्या, नाहीतर एकच टप्पा घ्या. बोटीवर व्यावसायिक म्हणाल तर कॅप्टन, म्हणजे ज्याला ते स्किपर म्हणतात तो, आणि त्याचा एक साहाय्यक. बाकी सगळे तुमच्या-आमच्यासारखे. नर्स, ड्रायव्हर, शिक्षक, रिटायर झालेले आजोबा. वय १८ च्या पुढे हवं, वरची मर्यादा नाही. आधी कधी बोटीवर पाय ठेवलेला नसला तरी चालतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, ज्यांना काही येत नाही त्यांच्या जीवावर पॅसिफिक ओलांडायचा? हाच खरा प्रश्न आहे. आणि तुमच्या दुकानातला प्रश्नही हाच आहे. नवीन माणूस, त्याला काही येत नाही, आणि दुकान तर चालवायचं आहे.

माझी चूक

माझं रत्नागिरीत हार्डवेअर आणि पेंटचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं. बीबीए करून मी गल्ल्यावर बसलो तेव्हा वाटलं होतं, आता सिस्टिम आणायची. प्रत्यक्षात सिस्टिम एकच होती, मी स्वतः. भाव माझ्या डोक्यात, उधारी माझ्या डोक्यात, कुठला रंग कुठल्या फळीवर तेही माझ्या डोक्यात. लोक म्हणायचे, पोरगा मेहनती आहे. मला ते आवडायचं.

एका जुलैमध्ये वडिलांना अचानक हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. नऊ दिवस. पावसाळी मासेमारी बंदी संपायच्या आधीचे हे दिवस म्हणजे आमचा सीझन. मिरकरवाड्याच्या होड्या रंगवून तयार होत असतात, दोर, रंग, ब्रश, सगळ्याला मागणी. दुकानात कामाला असलेला मुलगा एकटा. प्रामाणिक, कष्टाळू, पण त्याला मी काही सांगितलेलंच नव्हतं.

वडिलांचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक, एक म्हातारे तांडेल, नेहमीप्रमाणे उधारीवर माल घ्यायला आले. बंदी उठून पहिली मासळी विकली की पैसे देणार, हा वीस वर्षांचा रिवाज. पोराला माहीत नाही. त्याने सांगितलं, काका, शेट नाहीत, उधारी देता येणार नाही. मला फोन करायला तो घाबरला, कारण मी आयसीयूच्या बाहेर बसलेलो. तांडेलकाका निघून गेले आणि सगळा माल दुसरीकडून घेतला.

वडील घरी आले, बरे झाले. मी काकांकडे माफी मागायला गेलो. ते चिडले नव्हते. जाळं दुरुस्त करता करता एवढंच म्हणाले, "पोराची काय चूक? तू नसलास की तुझं दुकान नसतं. माझी होडी तशी नाय. मी झोपतो तेव्हा पण ती चालते."

हे वाक्य डोक्यातून जाईना. मी झोपतो तेव्हा होडी कशी चालते? ते शोधता शोधता मी या लांब पल्ल्याच्या बोटींपर्यंत पोचलो.

धडा १: जागा देण्याआधी शिकवा, तेही पायऱ्यांनी

क्लिपरमध्ये पैसे भरले म्हणजे लगेच बोट सुटली असं नाही. ट्रेनिंगचे चार टप्पे सक्तीचे. पहिल्यात दोर, गाठी, शीड चढवणं-उतरवणं आणि सेफ्टी. दुसऱ्यात किनाऱ्यापासून लांब, बोटीवर राहणं आणि पाळीपाळीने काम करणं. तिसऱ्यात मोठी शिडं आणि शर्यतीचं तंत्र. चौथ्यात ज्या स्किपरबरोबर जायचं त्याच्याचबरोबर सराव.

लक्षात घ्या, सगळ्यांना तीच पद्धत, तेच शब्द. म्हणून पहिला टप्पा पूर्ण करून उतरलेल्या माणसाच्या जागी नवीन आला तरी बोट अडत नाही.

आपण काय करतो? पहिल्या दिवशी पोराला म्हणतो, "बघत बघत शिक." बघत बघत माणूस फक्त तुमच्याकडे बघायला शिकतो.

धडा २: पाळी आणि पाळीबदल

बोट चोवीस तास चालते, माणूस चालू शकत नाही. म्हणून क्रूचे दोन गट करतात. त्याला वॉच म्हणतात. बऱ्याच बोटींवर दिवसा सहा-सहा तास आणि रात्री चार-चार तासांची पाळी असते. एक गट वर डेकवर, दुसरा खाली झोपलेला.

खरी गंमत पाळी बदलताना आहे. वरचा माणूस "चला, आलात का" म्हणून झोपायला जात नाही. तो आधी सांगतो. दिशा कुठली धरली आहे, वारा कुठून आणि किती, कुठली शिडं वर आहेत, आसपास कुठलं जहाज दिसतंय, काय बिघडलंय. समोरच्याला समजलं याची खात्री झाली की मगच सुकाणू त्याच्या हातात. शिवाय लॉगबुक असतं. ठरलेल्या वेळाने त्यात बोट कुठे आहे, दिशा, वेग आणि हवेचा दाब लिहायचा. झोपेतून उठलेल्याला कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहावं लागत नाही.

आपल्या नौदलाच्या 'तारिणी'चं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी गोव्यातून निघाल्या आणि मे २०१८ मध्ये जगप्रदक्षिणा करून परत आल्या. केप हॉर्नसारखी भीतीदायक जागा ओलांडली. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली, तर मॉरिशसला थांबून दुरुस्त केली. ५६ फुटी बोट, सहा जणी, आठ महिन्यांहून जास्त काळ. एकीनेच सगळं डोक्यात ठेवलं असतं तर हे जमलं असतं का?

धडा ३: मालकाला केव्हा उठवायचं, हे लिहून ठेवा

मला सगळ्यात उपयोगी पडलेला धडा हा. चांगला स्किपर झोपायला जाण्याआधी हुकूम लिहून ठेवतो. वारा एवढ्यावर गेला तर मला उठवा, जहाज एवढ्या जवळ आलं तर उठवा, आणि शंका आली तरी उठवा. उठवलं म्हणून कोणी ओरडणार नाही.

यातला अर्थ बघा. जे यादीत नाही, ते तुम्ही ठरवा. म्हणजे एकाच कागदाने दोन गोष्टी होतात, माणसाला हद्द कळते आणि अधिकारही मिळतो. माझ्या पोराकडे दोन्ही नव्हतं. फोन करावा की नाही हेच त्याला माहीत नव्हतं.

धडा ४: स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना

क्लिपरवर रोज दोघांची पाळी स्वयंपाकघरात. सगळ्यांचं जेवण, भांडी, सफाई. घरी कंपनीचा डायरेक्टर असलात तरी पाळी चुकत नाही. मोबदला? त्या रात्री पूर्ण झोप! हलक्या कामाला बोटीवर किंमत आहे, कारण उपाशी क्रू शीड ओढू शकत नाही. आमच्याकडे झाडू आता वारानुसार आहे. सोमवार माझा.

धडा ५: हुक आधी, हिंमत नंतर

हे गंमत म्हणून वाचू नका. २०१४ साली याच शर्यतीत उत्तर पॅसिफिकमध्ये एक क्रू मेंबर पाण्यात पडला. सुमारे दीड तासाने तो जिवंत सापडला. सगळेच इतके नशीबवान नसतात, या शर्यतीत जीवही गेले आहेत. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर पट्टा असतो आणि तो बोटीला हुकने अडकवायचा असतो. आपल्या धंद्यात जीव जात नाही, पण घर जातं. विमा, सहा महिन्यांचा घरखर्च, स्वतःच्या नावावरचं वेगळं बचत खातं, हे तुमचे हुक आहेत. नोकरी सोडण्याआधी अडकवा.

"सर, मला अजून दुकानच नाही"

मग तर तुम्ही नशीबवान. आधी क्रू व्हा.

कमांडर दिलीप दोंदे, एकट्याने शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय (२००९-१०). एवढ्या मोठ्या कामाला हात घातल्यावर ते आधी शिकायला गेले नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे. त्यांची बोट शर्यतीसाठी तयार होत होती, तिच्यावर पडेल ते काम केलं. नौदलाचा अधिकारी माणूस, पण दुसऱ्याच्या बोटीवर हेल्पर व्हायला लाजला नाही. नंतर त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधली गेली.

तुम्हाला बेकरी काढायची आहे? सहा महिने कोणाच्या तरी बेकरीत पहाटेची पाळी करा. पगार कमी मिळाला तरी चालेल. क्लिपरवाले तर उलटे पैसे भरतात!

आणि खरंच समुद्रावर जायची इच्छा झाली असेल, तर पैसे भरण्याआधी विचारा: ट्रेनिंग किती दिवसांचं? स्किपरचं प्रमाणपत्र कुठलं? विमा कोणाचा? फीमध्ये काय येतं, विमानभाडं, व्हिसा आणि कपडे वेगळे का? आधी मुंबई किंवा गोव्यातल्या एखाद्या सेलिंग क्लबमध्ये शिकून बघा. उलट्या किती होतात ते तिथेच कळेल. फ्रँचायझी घेतानाही असेच प्रश्न विचारायचे, बरं का.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एक वही घ्या. रोज दुकान बंद करताना पाच ओळी लिहा: काय संपलं, कोणाचं येणं, कोणाला शब्द दिला, काय बिघडलं, उद्या सकाळी पहिलं काम काय.

२. "मला केव्हा फोन करायचा" अशी यादी लिहा. सातपेक्षा जास्त मुद्दे नकोत. शेवटचा मुद्दा: शंका आली तर.

३. पुढच्या आठवड्यात एक अख्खा दिवस दुकानात जाऊ नका. फोन आला तर उचला, स्वतःहून करू नका. संध्याकाळी जे जे अडलं ते वहीत लिहा. तोच तुमचा पुढचा ट्रेनिंगचा विषय.

तिसरं सगळ्यात अवघड आहे. पहिल्यांदा केलं तेव्हा मी दुपारी एकला गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होतो. बायको म्हणाली, "बसा गप्प."

आता वहीच्या पहिल्या पानावर जुन्या उधारीच्या गिऱ्हाइकांची नावं आहेत, कोणाला किती आणि कधीपर्यंत. गेल्या जुलैमध्ये मी मुलीच्या शाळेत होतो. संध्याकाळी येऊन वही बघितली तर पोराच्या अक्षरात लिहिलेलं: तांडेलकाका आले होते. दोर आणि चार डबे रंग दिला. पैसे पहिल्या मासळीला.

मला फोन आला नव्हता.

भेटूया पुढच्या धड्यात. तोपर्यंत वही घ्या, आणि एक दिवस सुट्टी घ्या!