कबर, समाधी की स्मशान? पकिप्सीतल्या एका शिळेच्या निमित्ताने

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी पकिप्सी नावाचे गाव आहे. तिथल्या ‘पकिप्सी रूरल सेमेटरी’मध्ये, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाची शिळा आहे. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झालेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आली आणि त्यांनी ती आपल्या कुटुंबातल्या माणसांशेजारी ठेवली.

या जागेला मराठीत काय म्हणायचे? वाचताना थडगे, कबर, समाधी असे सगळेच शब्द भेटतात. कोणता योग्य, हे ठरवायला वर्गीकरणाची साधी रीत वापरू. दोन प्रश्न विचारायचे: जमिनीत काय ठेवले आहे, आणि ती जागा एका व्यक्तीची आहे की गावाची?

आधी गावाच्या जागेचे शब्द पाहू. ‘सेमेटरी’ हा शब्द ग्रीक ‘कोइमेतेरिऑन’वरून लॅटिनमार्गे आला. त्याचा अर्थ झोपण्याची जागा. गंमत म्हणजे यास्काने निरुक्तात ‘श्मशान’ची फोड जवळपास अशीच केली आहे: ‘श्म’ म्हणजे शरीर, ते जिथे निजते ती जागा. आजचे भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती पक्की मानत नाहीत. पण दोन दूरच्या संस्कृतींना मृत्यूसाठी झोपेचीच उपमा सुचली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. याच श्मशानाचे बोलीतले रूप ‘मसण’, आणि त्यावरून ‘मसणवटा’. ‘सेमेटरी’त पुरण्याचा उल्लेखच नाही. त्यामुळे तिचे ‘दफनभूमी’ हे भाषांतर मूळ शब्दापेक्षा अरुंद आहे. पकिप्सीच्या नावातल्या ‘रूरल’चाही खेड्याशी फारसा संबंध नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १८३१ साली माउंट ऑबर्न सुरू झाले आणि चर्चच्या दाटीवाटीच्या आवाराऐवजी बागेसारखी सेमेटरी करायची पद्धत अमेरिकेत रुजली. ‘रूरल’ हे त्या पद्धतीचे नाव.

आता एका व्यक्तीच्या जागेचे शब्द. ‘कबर’ आणि ‘दफन’ दोन्ही अरबी, आणि दोन्हींत मृतदेह पुरणे अभिप्रेत आहे. ‘कब्रस्तान’मधला ‘स्तान’ मात्र फारसी; तो आपल्या ‘स्थान’चा सख्खा भाऊ. ‘थडगे’ म्हटले की पुरलेल्या देहावरचे बांधकाम डोळ्यांसमोर येते. ‘समाधी’ची गोष्ट वेगळी आहे. मूळ अर्थ चित्ताची एकाग्र अवस्था. ज्या ठिकाणी ज्ञानेश्वरांसारख्यांनी ती घेतली त्या ठिकाणालाही पुढे तेच नाव मिळाले. नंतर अर्थ आणखी रुंदावला. रायगडावर शिवाजी महाराजांवर अग्निसंस्कार झाला, तरी तिथल्या वास्तूला आपण समाधीच म्हणतो. म्हणजे आत देह आहे की रक्षा, याची अट या शब्दाला उरलेली नाही.

‘माती’ तर त्याहून मोकळी आहे. मूठमाती देणे म्हणजे पुरताना मूठभर माती टाकणे. आज आपण वाईट सवयींनाही मूठमाती देतो. गावाकडे दहन असले तरी लोक ‘मातीला’ जातात.

इथे थोडे रसायनशास्त्र. अमेरिकेतले पहिले आधुनिक दाहगृह १८७६ मध्ये पेन्सिल्वेनियातल्या वॉशिंग्टन गावी सुरू झाले. आजच्या गॅसच्या भट्टीत साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसला शरीरातले पाणी आणि सेंद्रिय भाग निघून जातो. उरतो तो मुख्यतः हाडांतला खनिज भाग, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. ते तुकडे यंत्रात दळून जी पूड होते, तिला इंग्रजीत ‘अ‍ॅशेस’ म्हणतात. खरे तर त्यात लाकडाच्या राखेसारखे फारसे काही नसते. आपला ‘अस्थी’ हा शब्द इथे जास्त अचूक आहे. चितेवर लाकडाची राख आणि हाडे एकत्र होतात, म्हणून तर अस्थी ‘सावडाव्या’ लागतात. ‘अस्थी’ आणि ग्रीक ‘ऑस्टिऑन’ एकाच मुळातले. ‘ऑस्टिओपोरोसिस’मध्ये तो रोज भेटतो.

आपल्यापैकी अनेकांना इथे हे शब्द फॉर्मवर भेटतात, आणि तेही डोके चालत नसते अशा वेळी. म्हणून दोन शब्द आधीच माहीत असलेले बरे. ‘इंटरमेंट’ म्हणजे जमिनीच्या हवाली करणे. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘तेरा’, म्हणजे माती आहे, आणि अस्थी पुरण्यालाही तो चालतो. ‘कोलंबेरियम’ म्हणजे अस्थिकलश ठेवायच्या कोनाड्यांची भिंत. लॅटिनमध्ये ‘कोलंबा’ म्हणजे पारवा, त्यामुळे शब्दशः अर्थ कबुतरांची ढाबळ. घरातल्या थोरांना यातले काय हवे, अस्थी नाशिकला न्यायच्या की नातवंडांना जाता येईल अशा जागी ठेवायच्या, हे त्यांच्या हयातीतच मराठीत विचारलेले चांगले.

पकिप्सीच्या जागेपुरते उत्तर आता सोपे आहे. तिथे देह पुरलेला नाही, म्हणून ती कबर नव्हे. दहन तिथे झाले नाही, म्हणून ते स्मशानही नव्हे. एका व्यक्तीच्या अस्थी आदराने ठेवलेली ती जागा आहे. मराठीत तिला समाधी म्हणावे.