देवराई : श्रद्धा आणि शिस्त

वाळूजच्या कारखान्यांबरोबर वाढलेल्या आपल्या बजाजनगरात बहुतेक झाडे कोणीतरी खड्डा खणून लावलेली आहेत. माणसाने न लावलेले, तरीही माणसानेच पिढ्यान् पिढ्या राखलेले रान असू शकते, हे त्यामुळे आपल्याला चटकन पटत नाही. सह्याद्रीतील देवराया हे अशा रानाचे उदाहरण होय.

देवराई म्हणजे देवाच्या नावाने सोडलेले रान. कोकणात तिला देवरहाटी म्हणतात. वाघजाई, काळकाई, भैरव, वेताळ ही तिची दैवते. देव म्हणजे पुष्कळदा शेंदूर फासलेला साधा दगड. नियम मात्र कडक. कुऱ्हाड चालवायची नाही. कित्येक ठिकाणी वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही. गावकीला लाकूड लागलेच, तर कोकणात आधी देवाला कौल लावण्याची रीत आहे. भीमाशंकर परिसरात आहुपे येथे महादेव कोळी समाजाने अशीच राई राखली. हा समाज हिरडा गोळा करून विकतो. म्हणजे रानाचे मोल त्याला कळत नव्हते असे नाही. ते कळत असूनही त्याने एक तुकडा बाजारापासून दूर ठेवला.

या राखणीचा लाभ शास्त्रानेही मान्य केला आहे. न हलविलेला पालापाचोळा कुजून माती होते, ती माती पावसाचे पाणी धरते आणि झरा उन्हाळ्यातही वाहतो. जुन्या वृक्षांच्या ढोलीत धनेश घरटे करतो. गारंबीसारख्या अजस्र वेली अशा रानातच टिकतात. डॉ. माधव गाडगीळ आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील डॉ. व्ही. डी. वर्तक यांनी देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून १९७३ व १९७६ मध्ये निबंध प्रसिद्ध केले. त्याच सुमारास तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील गाणी या गावच्या लोकांनी त्यांना साकडे घातले. त्यांच्या देवराईतील झाडे तोडण्यासाठी निवडली गेली होती. राई गेली तर ओढा आटेल आणि गावाचे पाणी तुटेल, हे गावकऱ्यांचे म्हणणे होते. अभ्यासकांनी ते उचलून धरले आणि तोड थांबली. येथे गावाने केवळ देवाचा कोप सांगितला नाही. पाण्याचा हिशेब मांडला.

या परंपरेतील सर्वच स्वीकारार्ह आहे असे नव्हे. काही राईंत स्त्रियांना मज्जाव असतो. त्याचे समर्थन करता येणार नाही. शिवाय आज भक्तीच कधी राईच्या मुळावर येते. दगडाच्या जागी सिमेंटचे देऊळ उभे राहते, मग सभामंडप आणि रस्ता येतो. देव मोठा होतो, रान लहान होते.

मग राखण कोणी करावी? २००२ च्या जैवविविधता कायद्याने वारसास्थळे घोषित करण्याची तरतूद केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा अधिकार दिला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरण या देववनांची नोंद व संरक्षण करण्याचे आदेश दिले. हे स्वागतार्ह आहे. परंतु कागद रानात पहारा देत नाही. देवाचा धाक ओसरला तरी सर्वांनी मिळून पाळलेली शिस्त टिकली पाहिजे, आणि ती टिकायची तर राईवरील हक्क आणि जबाबदारी दोन्ही गावाच्याच हाती हवीत.