एका वेळी एकच बदल

घरात कुणाचा रक्ताचा रिपोर्ट बिघडला की पहिली कुऱ्हाड न्याहारीवर पडते. आमच्याकडे ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं आणि पोहे, उपमा, थालीपीठ एका झटक्यात बंद झालं. त्यांच्या जागी थंड दुधातली म्यूसली आली. गिरणीतल्या गव्हाच्या पिठाऐवजी दुकानातलं मल्टिग्रेन पीठ आलं, रात्रीच्या भाताऐवजी दलिया आला. दोघांसाठी दोन स्वयंपाक कोण करणार, म्हणून मीही तेच खाऊ लागले.

ह्यांना सगळं पचलं. माझं पोट मात्र अकरा वाजेपर्यंत नगाऱ्यासारखं तट्ट फुगायचं. गुरगुर, ढेकरा, एक दिवस पोट साफ नाही तर दुसऱ्या दिवशी धावपळ. ओवा झाला, हिंग झाला. कुणीतरी इसबगोल सुचवलं, त्याने फुगवटा आणखी वाढला. मग जाऊबाई म्हणाल्या, ‘‘गहू सोडा, तुम्हाला ग्लूटेन बाधतंय.’’ गहू सोडल्यावर थोडं बरं वाटलं आणि दुखणं सापडलं असं घरादाराने ठरवूनही टाकलं.

पुढे हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘‘सध्या गहू खाताय ना?’’

या प्रश्नामागचं कारण प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. सीलिअॅक नावाच्या आजारात गहू आणि जवातल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अस्तर झिजलं की लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून कधीकधी हा आजार फक्त रक्तक्षयाच्या रूपातच समोर येतो. उत्तर भारतात केलेल्या एका पाहणीत साधारण 100 माणसांमागे एकाला तो आढळला. दक्षिणेत प्रमाण बरंच कमी आहे. निदानासाठी रक्तातल्या टीटीजी अँटिबॉडी तपासतात, गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेतात. पण गहू बंद असेल तर अँटिबॉडी उतरतात, अस्तर भरून येऊ लागतं आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. त्यामुळे मला पुन्हा किमान 6 आठवडे रोज, तेही एकाहून जास्त वेळा, गहू खायला सांगितला. पोट धरून पोळ्या खाल्ल्या. रिपोर्ट निर्मळ आला.

मग डॉक्टरांनी पाकिटं मागवली. म्यूसलीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं : ओट्स, गव्हाचा कोंडा, मनुका, मध आणि चिकोरीच्या मुळाचं फायबर, म्हणजे इन्युलिन. मल्टिग्रेन पिठात पहिलं नाव गव्हाचंच, पाठोपाठ सोयाबीन, हरभरा, इसबगोल. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, त्यामुळे पहिली दोन-तीन नावं वाचली तरी पाकिटात खरं काय आहे ते कळतं.

तंतू लहान आतड्यात पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि त्यांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. पण त्याबरोबर वायूही होतो. तंतू हळूहळू वाढवले तर जिवाणूंना जुळवून घ्यायला सवड मिळते. एकदम वाढवले की पोट फुगतं. इन्युलिन तर फारच भराभर आंबतं. त्याच कुळातले फ्रुक्टन गहू, कांदा आणि लसणात असतात. म्हणून गहू सोडल्यावर बरं वाटलं तरी दोष ग्लूटेनचाच असतो असं नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये ग्लूटेन सोसत नाही असं मानणाऱ्यांची परीक्षा घेतली. फ्रुक्टनसारखे आंबणारे घटक आहारातून कमी केल्यावर ग्लूटेन दिलं काय, न दिलं काय, त्रासात खास फरक पडला नाही. त्यात भर दुधाची. मोठेपणी दुधातली साखर पचवण्याची ताकद आपल्याकडे अनेकांची कमी होते, आणि वाटीभर म्यूसलीबरोबर पेलाभर दूध सहज जातं. माझ्या बाबतीत दूध आणि इन्युलिन हीच दोन कारणं ठरली. हिमोग्लोबिनचं कारण वेगळं होतं, त्यावर वेगळे उपचार झाले.

यातून हाती लागलेलं सांगते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आठवडाभर तिच्यावरच थांबा. नवं धान्य अर्ध्या वाटीने सुरू करा, पाणी वाढवा. त्रास झालाच तर धान्याला दोष देण्याआधी आठ दिवस दूध बाजूला ठेवून पाहा. ओट्स पाण्यात शिजवून वर ताक किंवा दही घेता येतं.

तंतूंसाठी पाकीटच हवं असंही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम तंतू आहेत. बाजरी, नाचणी आणि कोंड्यासकट गव्हाच्या पिठात 11 च्या आसपास. पोह्यांत जेमतेम साडेतीन. म्हणजे 50 ग्रॅम पिठाची एक भाकरी 5 ग्रॅम तंतू देते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला किमान 25 ग्रॅम सांगते. पोळीचं पीठ चाळून कोंडा फेकायचा आणि वर कोंड्याचं पाकीट विकत आणायचं, हा उफराटा व्यवहार बंद करा.

ज्यांना खरोखर सीलिअॅक आहे त्यांनी आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले तरी अनेकांत जवाचं माल्ट असतं. आणि गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली की गव्हाचं पीठ तिच्यात येतंच. दळण वेगळं हवं.

शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली शौचाची सवय यांपैकी काही दिसलं तर ओवा-हिंगावर दिवस काढू नका. डॉक्टरांकडे जाताना खाण्याच्या पाकिटांवरच्या घटकांचे फोटो न्या, आणि तपासणी होईपर्यंत पोळी सोडू नका.