पायथॉनमधील स्ट्रिंग : 'मुरबाड'ची लांबी किती?

पायथॉनमध्ये अवतरण चिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे स्ट्रिंग. स्ट्रिंग हा एक ऑब्जेक्ट आहे, म्हणजे मजकूर आणि त्यावर करायच्या कृती (मेथड) एकत्र. मुलांना आपल्याच गावांची नावं द्या, पटकन समजतं.

गाव = "मुरबाड"

१) लांबी : मुलं मोजतात मु-र-बा-ड, ४. पण 'लेन' फंक्शन ६ सांगतं. कारण युनिकोडमध्ये म, उकार, र, ब, काना, ड यांना वेगवेगळे क्रमांक आहेत.

२) उलट क्रम : "शहापूर" उलटं केलं की 'रपूहाश' नाही, 'रूपाहश' येतं. काना 'ह' सोडून 'प'ला लागतो, ऊकार 'र'ला.

३) स्ट्रिप : "शहापूर" आणि "शहापूर " दिसायला सारखेच. पण दुसऱ्यात शेवटी स्पेस आहे, म्हणून संगणकाला ते वेगळे. यादीत नाव असूनही सापडत नाही ते यामुळेच. स्ट्रिप मेथड कडेच्या स्पेस काढते. मात्र मूळ स्ट्रिंग बदलत नाही, नवी मिळते; म्हणून गाव = गाव.स्ट्रिप() असं लिहायचं (मेथडचं नाव इंग्रजीत टाइप करा).

पहिल्या वेळी मी '४' लिहिणाऱ्या मुलीला चूक दिली होती. खरं तर चूक माझ्या प्रश्नात होती. मी 'अक्षरं किती?' विचारलं होतं, आणि अक्षरं ४च आहेत. आता मी दोन्ही विचारते : अक्षरं किती आणि लांबी किती?

घरी करून बघा : किन्हवली. (अक्षरं ४, लांबी ८. जोडाक्षरातला हलन्तही मोजला जातो बरं का!)